आडवा वारा आणि शिकाऊ पायलट: शेवटचे दहा सेकंद इतके अवघड का?

(हे या भागाचं लेखी रूप आहे. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



पावसाळा सुरू झाला की आपल्या सगळ्यांच्या फोनवर एक ठरावीक व्हिडिओ फिरायला लागतो. मोठं प्रवासी विमान ढगातून खाली येतंय, नाक भलतीकडेच, शेपूट तिसरीकडे, आणि टेकायच्या अगदी आधी झटक्यात सरळ होऊन ते रनवेवर उतरतं. खाली शेकड्यांनी कमेंट: ‘पायलटला सलाम!’

सलाम योग्यच आहे. पण आज आपण बोलणार आहोत ज्यांचे व्हिडिओ फारसे निघत नाहीत त्यांच्याबद्दल. बारामती, गोंदिया, धुळे अशा ठिकाणी दोन किंवा चार सीटांच्या विमानात बसून उडायला शिकणारी १८-२० वर्षांची मुलंमुली. त्यांच्याही वाट्याला तोच आडवा वारा येतो. फरक एवढाच की विमान हलकं असतं, अनुभव ५०-६० तासांचा असतो आणि सोलो असेल तर शेजारची सीट रिकामी असते.

जगभरात लहान विमानांच्या अपघातांत लँडिंगचा वाटा मोठा आहे. यातले बहुतेक अपघात जीवघेणे नसतात. पुढचं चाक मोडतं, पंख्याची पाती जमिनीला घासतात, पंखाचं टोक वाकतं, विमान रनवे सोडून गवतात जातं. बातमीत ‘पायलट सुखरूप’ असं येतं आणि आपण पुढे स्क्रोल करतो. पण असं का होतं, हे समजलं तर विमान कसं उडतं हेच नव्याने समजतं. म्हणून हा भाग.

आधी थोडं गणित, पण घड्याळातलं

विमान शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर उतरवतात. समोरून वारा असला की जमिनीच्या हिशेबाने वेग कमी होतो आणि कमी लांबीत थांबता येतं. म्हणून रनवे बांधताना तिथल्या नेहमीच्या वाऱ्याची दिशा बघतात. मुंबईचा मुख्य रनवे ०९/२७ आहे. २७ म्हणजे २७० अंश, म्हणजे पश्चिम. समुद्रावरून वारा आला की विमानं पश्चिमेकडे तोंड करून उतरतात आणि वारा जवळपास नाकावर मिळतो.

पण रनवे सिमेंट-डांबराचा, जागचा हलत नाही. वारा मात्र फिरतो. तो बाजूने यायला लागला की त्याचा जो भाग रनवेला काटकोनात येतो, त्याला आडवा घटक म्हणतात. पायलटला खरी चिंता त्याची.

हा काढायला कॅल्क्युलेटर लागत नाही. घड्याळाचा एक सोपा नियम आहे. वारा आणि रनवे यांच्यात किती अंशांचा कोन आहे ते बघा आणि तो आकडा मिनिटं समजा. १५ मिनिटं म्हणजे पाव तास, तर पाव वारा आडवा. ३० म्हणजे अर्धा. ४५ म्हणजे पाऊण. ६० किंवा जास्त असेल तर सगळाच्या सगळा वारा आडवा धरायचा.

उदाहरण घ्या. रनवे २७, वारा २४० अंशांवरून २० नॉट. कोन ३० अंश, म्हणजे अर्धा: १० नॉट आडवा. नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणून १० नॉट म्हणजे साधारण ताशी साडेअठरा किलोमीटर. आता वारा २१० वरून आला तर कोन ६० अंश. आडवा घटक जवळपास पूर्ण, खरं गणित केलं तर १७ नॉटच्या थोडा वर. वाऱ्याचा जोर तोच, दिशा फक्त ३० अंशांनी बदलली आणि शिकाऊ पायलटसाठी दिवस बदलला.

नावाडी आणि खेकडा

नदी पार करणारा नावाडी बघितलाय? समोरच्या घाटावर जायचं असेल तर तो नाव सरळ घाटाकडे धरत नाही. प्रवाहाच्या उलट्या बाजूला तिरपी धरतो. नाव तिरपी दिसते, पण जाते मात्र सरळ घाटावर.

विमान तेच करतं. वारा डावीकडून असेल तर नाक थोडं डावीकडे वळवून ठेवायचं. विमान तिरकं दिसतं, पण रनवेच्या मधल्या रेषेवरच सरकत राहतं. याला क्रॅब म्हणतात, म्हणजे खेकडा. नाव अगदी चपखल आहे. व्हायरल व्हिडिओत दिसतं ते हेच.

अडचण शेवटी येते. नावेला चाकं नसतात, विमानाला असतात, आणि ती फक्त पुढेच फिरतात. तिरकंच टेकवलं तर चाकांवर बाजूने जबरदस्त ताण येतो आणि विमान हिसका देतं. म्हणून टेकण्याआधी नाक रनवेच्या दिशेत आणावं लागतं. ते काम रडरचं, पायाने. पण नाक सरळ केलं की वारा विमानाला बाजूला ढकलायला मोकळा. तेव्हा दुसरं काम हाताने करायचं: एलेरॉन वापरून वाऱ्याकडचा पंख थोडा खाली झुकवायचा, म्हणजे विमान वाऱ्याकडे तेवढंच सरकत राहतं आणि हिशेब बरोबरीत सुटतो.

वाशीच्या खाडीपुलावर बाइक चालवली असेल तर हे तुमच्या अंगाला आधीच माहीत आहे. बाजूने जोराचा वारा आला की तुम्ही नकळत वाऱ्याच्या दिशेला कलता. विचार करत नाही, कलता. विमानात तेच हात आणि पाय वेगवेगळ्या दिशांना चालवून करायचं असतं. वारा डावीकडून असेल तर हात डावीकडे, पाय उजवीकडे. आधी डावं चाक टेकणार, मग उजवं, शेवटी पुढचं. एका चाकावर उतरणं बघताना भीतीदायक वाटतं, पण आडव्या वाऱ्यात तेच बरोबर लँडिंग.

लहान विमानालाच जास्त त्रास का?

सेसना १७२ घ्या. १९५५ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, आजवर ४४ हजारांहून जास्त बनलेलं, जगात सर्वाधिक संख्येने तयार झालेलं विमान. वजन भरलेलं असताना साधारण साडेअकराशे किलो. उतरताना वेग ६५ नॉटच्या आसपास. १५ नॉट आडवा वारा आला तर नाक जवळपास १३ अंश वळवावं लागतं.

आता एअरबस ए३२०. उतरताना वजन साठ टनांच्या घरात, वेग १४० नॉटच्या आसपास. त्याच १५ नॉटला त्याला सहा अंश पुरतात. म्हणजे मोठ्या विमानाच्या पायलटला जे वारं मामुली वाटतं, ते लहान विमानात दुप्पट कोन मागतं.

दुसरं, अंतर बघा. १५ नॉट म्हणजे सेकंदाला ७.७ मीटर. रनवे ३० मीटर रुंद असेल तर मधल्या रेषेपासून कडेपर्यंत १५ मीटर. वाऱ्यासाठी काहीच केलं नाही आणि विमान पूर्ण वेगाने वाहायला लागलं, तर दोन सेकंदांत कड संपली. ‘एक मिनिट, विचार करतो’ म्हणायला जागाच नाही.

इथे एक गैरसमज दूर करू. १७२ च्या पुस्तिकेत १५ नॉट असा आकडा असतो, १५२ च्या पुस्तिकेत १२. मुलं म्हणतात, ही विमानाची मर्यादा. तसं नाही. हा ‘करून दाखवलेला’ आडवा वारा आहे. चाचणीच्या वेळी कंपनीच्या पायलटने एवढ्या वाऱ्यात विमान उतरवून दाखवलं, इतकाच त्याचा अर्थ. हातखंडा असलेल्या टेस्ट पायलटने दाखवलेला आकडा ६० तासवाल्या मुलीची मर्यादा कसा होईल? तिची मर्यादा तिचा इन्स्ट्रक्टर ठरवतो आणि ती बरीच कमी असते. असावीच.

हवेत एक कायदा, जमिनीवर दुसरा

आता आजच्या भागातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. नीट ऐका, वाचत असाल तर नीट वाचा.

विमान हवेत असतं तेव्हा ते वाऱ्यासोबतच वाहत असतं. एकसारखा वारा त्याचं नाक वळवत नाही. चालत्या लोकलच्या डब्यात तुम्ही चालताना लोकलचा वेग तुम्हाला जाणवत नाही, तसंच.

चाक टेकलं की कायदा बदलतो. आता चाकं जमिनीला धरून आहेत आणि वारा बाजूने आदळतोय. शेपटीचा उभा पंख मोठा आणि मागे. वारा शेपटीला ढकलतो आणि नाक आपोआप वाऱ्याकडे वळायला बघतं, जुन्या इमारतींवर वाऱ्याची दिशा दाखवणारा लोखंडी कोंबडा वळतो ना, अगदी तसं. त्याच वेळी वाऱ्याकडचा पंख उचलला जायला बघतो.

म्हणजे टेकण्याच्या क्षणी खेळाचे नियम बदलतात आणि नेमक्या त्याच क्षणी शिकाऊ पायलटला वाटतं, ‘हुश्श, उतरलो!’ हात सैल पडतात, पाय सैल पडतात. आणि विमान रनवेच्या कडेकडे निघतं.

इन्स्ट्रक्टर कानीकपाळी ओरडत असतात की विमान जागेवर थांबेपर्यंत उडवत राहा. त्याचा अर्थ हा. खरं तर वेग कमी होत जातो तसा एलेरॉन वाऱ्याकडे आणखी वळवत न्यायचा असतो, शेवटी पूर्ण. कारण वेग घटला की त्याचा जोरही घटतो.

चुका कुठे होतात?

अपघात-अहवाल वाचले की त्याच त्या चार-पाच चुका पुन्हा पुन्हा भेटतात.

पहिली, नाक फार लवकर सरळ करणं. रनवे दिसतोय, विमान तिरकं दिसतंय, मनाला ते सहन होत नाही. पाय दाबला जातो, पंख झुकवायचा राहतो आणि विमान बाजूला वाहायला लागतं.

दुसरी, टेकता टेकता पंख समतल करणं. एका चाकावर उतरायचं हे डोक्याला माहीत असतं, हाताला नसतं.

तिसरी, घाईने पुढचं चाक टेकवणं. ‘एकदाचं जमिनीला लागू दे’ म्हणून दांडा पुढे ढकलला जातो. सगळा भार पुढच्या चाकावर येतो, मागची हलकी होतात आणि विमान हातगाडीसारखं एका चाकावर डोलतं. सेसनात पुढचं चाक रडरच्या पेडलशी जोडलेलं असतं. पाय अजून एका बाजूला दाबलेला असताना ते चाक टेकलं, तर विमान त्या बाजूला झटका देऊन वळतं.

चौथी, उसळी आल्यावर तिच्या मागे धावणं. विमान आपटून उसळलं की नाक खाली, मग वर, मग पुन्हा खाली. प्रत्येक उसळी आधीपेक्षा वाईट. दुसऱ्या-तिसऱ्या उसळीला पुढचं चाक मोडतं किंवा पंख्याची पाती जमिनीला लागतात. पाती लागली की प्रश्न पात्यांपुरता राहत नाही. फिरतं इंजिन अचानक अडल्यामुळे ते उघडून आतून तपासावं लागतं. विमान कित्येक दिवस जमिनीवर.

आणि पाचवी, जी खरोखर जीव घेते, ती रनवेवर होतच नाही. रनवेला समांतर उलट दिशेने गेल्यावर विमान आधी एक वळण घेऊन रनवेला काटकोनात येतं, मग शेवटचं वळण घेऊन रनवेच्या रेषेत. आडवा वारा त्या मधल्या टप्प्यात पाठीमागून आला तर विमान अपेक्षेपेक्षा वेगाने सरकतं आणि रनवेची रेषा ओलांडून पुढे जातं. आता परत रेषेवर यायचंय, म्हणून वळण आवळलं जातं. ४५ अंश झुकून उंची टिकवत वळलं तर विमान हवेत धरून ठेवायला लागणारा किमान वेग जवळपास १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. वेग आधीच कमी, त्यात आतल्या बाजूचा रडर दाबला गेला तर एक पंख आधी साथ सोडतो आणि विमान गरगरत खाली जातं. जमीन काहीशे फुटांवर. सावरायला उंचीच नसते.

म्हणून रेषा ओलांडली तर वळण आवळायचं नाही. सरळ वर निघायचं.

‘वर निघायचं’, पण निघत का नाहीत?

यालाच गो-अराउंड म्हणतात. लँडिंग जमत नाहीये असं वाटलं की पूर्ण पॉवर, वर, पुन्हा एक फेरी. ऐकायला सोपं. करायला दोन अडचणी.

एक तांत्रिक. अचानक पूर्ण पॉवर दिली की सेसनासारख्या विमानाचं नाक डावीकडे ओढलं जातं. पंख्याच्या फिरण्याच्या दिशेमुळे हे होतं. उजवा पाय लगेच दाबला नाही तर विमान डावीकडे जातं. शिवाय फ्लॅप पूर्ण खाली असतात, वेग कमी असतो. फ्लॅप घाबरून एकदम वर घेतले तर विमान खाली बसतं. म्हणून क्रम ठरलेला: पॉवर, उजवा पाय, नाक सांभाळायचं, फ्लॅप टप्प्याटप्प्याने. हा क्रम अंगवळणी पडलेला नसेल तर गो-अराउंड स्वतःच अपघात होतो.

दुसरी अडचण मनाची. भारतात कमर्शियल लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. प्रत्येक तासाचे पैसे मोजलेले असतात. घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं, कोणी जमीन गहाण ठेवलेली असते. खाली बॅचमेट बघतायत, इन्स्ट्रक्टर रेडिओवर ऐकतोय. अशा वेळी ‘नाही जमलं, परत जातो’ म्हणणं मुलांना हरल्यासारखं वाटतं. मग बिघडत चाललेलं लँडिंग ‘होईल, होईल’ म्हणत पुढे रेटलं जातं. आपल्याकडे परीक्षेत पेपर कोरा सोडू नये असं शिकवतात. इथे मात्र पेपर टाकून उठून जाणारा विद्यार्थीच हुशार.

शांत सकाळचा सापळा

आता सगळ्यात अडचणीचा प्रश्न. शिकवतायत, नियम आहेत, इन्स्ट्रक्टर आहेत, तरी हे होतं का?

सकाळी फ्लाइंग स्कूलमध्ये गर्दी असते, आणि त्याला कारण आहे. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा थंड होऊन बसून राहते. वरचा वारा वरच राहतो. ऊन चढलं की जमीन तापते, हवा घुसळली जाते आणि वरचा वारा झटक्या-झटक्याने खाली उतरतो. म्हणून सकाळी सातला वाऱ्याचा मोजा काठीला चिकटून लोंबत असतो आणि दुपारी दोनला फडफडत असतो.

शिकाऊ पायलटला शांत सकाळी सोडणं ही योग्य काळजी आहे. पण नुसतं तेवढंच करत राहिलं तर मूल १०० तास उडतं आणि त्यातला खऱ्या आडव्या वाऱ्यातला वेळ मिनिटांत मोजावा लागतो. शांत पाण्याच्या तलावात पोहायला शिकलेल्या माणसाला पुरात सोडल्यासारखं. लॉगबुकात तास दिसतात. ते कोणत्या वाऱ्यातले, हे दिसत नाही.

हा प्रश्न शिकाऊंपुरता आहे असं वाटत असेल तर डेन्व्हर आठवा. २० डिसेंबर २००८, कॉन्टिनेंटल एअरलाइन्सचं बोइंग ७३७, फ्लाइट १४०४. हे लँडिंग नव्हतं, उड्डाण घेताना झालं. बाजूने ४५ नॉटपर्यंतचे झोत आले, विमान रनवेवरून बाहेर गेलं आणि पेटलं. ११५ जण होते, सगळे वाचले. अमेरिकेच्या तपास मंडळाने म्हटलं की कॅप्टनने गरज असतानाच रडरवरचा पाय काढला, आणि तो वारा त्याच्या प्रशिक्षण आणि अनुभवापलीकडचा होता. पुढचं निरीक्षण जास्त महत्त्वाचं: सिम्युलेटरमध्ये झोतांचा वारा नीट दाखवलाच जात नव्हता, त्यामुळे अख्ख्या क्षेत्रातच त्याचं प्रशिक्षण अपुरं होतं. अनुभवी कॅप्टनही ज्या वाऱ्यात शिकला नाही, त्या वाऱ्यात नवखाच असतो.

मग करायचं काय?

तुमच्यापैकी कोणी फ्लाइंग शिकत असेल, किंवा तुमची बहीण, मित्र शिकत असेल, तर चार गोष्टी.

इन्स्ट्रक्टर सोबत असताना मुद्दाम वाऱ्याचा दिवस मागून घ्या. ‘सर, आज वारा आहे, आज ड्युअल करूया का?’ हा प्रश्न विचारायला लाजू नका. रनवेच्या वर काही फुटांवरून, न टेकता, पंख झुकवून मधल्या रेषेवर चालत राहण्याचा सराव होतो. फ्लेअरच्या दोन सेकंदांत जे शिकता येत नाही ते अशा एका फेरीत शिकता येतं.

स्वतःची मर्यादा आकड्यात लिहून ठेवा. जमिनीवर, शांत डोक्याने. हवेत गेल्यावर माणूस स्वतःशीच घासाघीस करतो.

झोतांचा आकडा वेगळा वाचा. हवामान अहवालात ‘२७०, १५, जी २५’ असं असेल तर वारा १५ चा आणि झोत २५ चा. हिशेब २५ चा करायचा. मधला १० नॉटचा फरक अर्धा करून, म्हणजे ५ नॉट, उतरायच्या वेगात वाढवायचे हा सर्वसाधारण ठोकताळा.

आणि गो-अराउंडला नापास समजू नका. प्रत्येक लँडिंग हे ‘वर जाणार’ असं धरूनच करायचं. सगळं जागेवर असेल तरच उतरायचं.

ज्यांना उडायचं नाही, फक्त कुतूहल आहे, त्यांनी फोनवर हवामानाचं कोणतंही ॲप उघडा, आपल्या गावच्या वाऱ्याची दिशा बघा, जवळच्या रनवेचा आकडा बघा आणि घड्याळाचा नियम लावा. पुढच्या वेळी विमान तिरकं येताना दिसलं की तुम्हाला कळेल, पायलटने वाऱ्याशी हिशेब मांडलाय. आणि नजर तिथेच काढून घेऊ नका. चाकं टेकल्यानंतरचे दहा सेकंद बघा. तोपर्यंत काम संपलेलं नसतं.

आजच्यापुरतं इतकंच. प्रश्न असतील तर खाली लिहा, आणि एखादा फ्लाइंग शिकणारा मित्र असेल तर त्याला हा भाग नक्की पाठवा. पुन्हा भेटूच. काळजी घ्या!